नायजेरियातली डिग्री, कॅनडासाठी इसीए - ट्रान्सक्रिप्ट कसं मागवायचं?

सई_कडुना | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नवरा आणि मी कॅनडाच्या पीआरसाठी एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर निवड करणारी त्यांची ऑनलाइन योजना) प्रोफाइल टाकायचं म्हणतोय. त्याचं शिक्षण सगळं पुण्यात झालं, बीई मग एमई, त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत कागद, गेलं, इसीएचा, म्हणजे बाहेरची डिग्री कॅनडाच्या कशाच्या बरोबरीची ते सांगणारा, रिपोर्टपण आला. अडकलंय ते माझं. माझी बीएस्सी नायजेरियातली, मायक्रोबायोलॉजी, २०११ ची.

सगळे आधी हेच विचारतात की तिकडे कशी काय, म्हणून सांगून टाकते. बाबा इचलकरंजीचे, विव्हिंग मास्टर. ऐंशीच्या दशकात कडुनाच्या एका कापड गिरणीत नोकरी लागली म्हणून गेले. कडुना उत्तर नायजेरियात, तेव्हा तिथे गिरण्याच गिरण्या होत्या आणि आपल्याकडची बरीच मंडळी होती. मी तिथेच वाढले, घरात मराठी, शाळेत इंग्लिश, बाजारात हौसा. २००० साली तिथे मोठ्या दंगली झाल्या, त्यानंतर बाबांनी लेगॉसला दुसरी नोकरी धरली आणि मी पुढे दक्षिणेकडच्या एका सरकारी विद्यापीठात शिकले, नाव इथे लिहीत नाही. कोर्स ४ वर्षांचा, पण मध्ये २००९ चा प्राध्यापकांचा संप आला, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सगळं ठप्प, असं करत करत ५ वर्षं गेली. २०१२ ला आम्ही कायमचे परत आलो.

आता इसीएसाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जायला पाहिजे म्हणतात. नोव्हेंबरपासून ४ ईमेल केले, एकालाही उत्तर नाही. ऑनलाइन अर्जाचं पान उघडतं पण ते मॅट्रिक नंबर (दहावीचा नव्हे, विद्यापीठातला विद्यार्थी क्रमांक) मागतं आणि माझ्या स्टेटमेंट ऑफ रिझल्टवर तो नेमका घडीवर आलाय, शेवटचे आकडे पुसलेत. ओरिजिनल डिग्री सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, तेवढं नशीब.

जोडीदाराच्या बॅचलर डिग्रीला सीआरएसमध्ये, म्हणजे एक्सप्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत, ८ गुण मिळतात. ८ म्हणजे काय मोठंसं, असं घरचे म्हणतात. पण नवऱ्याला ऑगस्टमध्ये ३९ पूर्ण होतील, जोडीदार धरून त्याचे वयाचे गुण ५५ वरून ५० वर येतील, तेव्हा एकेक गुण मोजतोय आम्ही. आणि खरं सांगू का, गुण राहू देत बाजूला, ५ वर्षं त्या हॉस्टेलमध्ये जनरेटरच्या आवाजात अभ्यास केला तो फॉर्मवर "बारावी" म्हणून कसा लिहू, हात धजत नाही.

कुणी केलंय का हे? किंवा कुणाच्या ओळखीत?

---

पुणेरी_प्रसाद | ३ फेब्रुवारी

सईताई, मंत्रालयातून अटेस्टेशन आणि मग दिल्लीचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) करून घेऊन स्वतःच पाठवून द्या की. माझ्या भावाचं दुबईच्या वेळी असंच झालं होतं.

---

अनघा_विनिपेग | ४ फेब्रुवारी

प्रसाद, तसं नाही चालणार. आपल्याकडचं अपोस्टिल भारतात निघालेल्या कागदावरच मिळतं. नायजेरियाच्या डिग्रीवर शिक्के मारायचे तर ते राजधानीत अबुजाला, आधी तिथलं शिक्षण मंत्रालय मग परराष्ट्र मंत्रालय, आणि तेही आखाती देशांसाठी वगैरे लागतं. कॅनडाच्या इसीएला हे काहीच लागत नाही. त्यांना शिक्के नकोत, कागद कुणाच्या हातून आला ते बघायचं असतं.

सई, मी विनिपेगला नव्याने आलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ९ वर्षं आहे आणि आमच्याकडे येणाऱ्यात नायजेरियन खूप. त्यांचे कागद बघून बघून आता मला तिथल्या सेमिस्टरची भाषासुद्धा कळायला लागलीय, राहिलेला विषय पुढे न्यायचा तो कॅरी-ओव्हर काय, कोर्स लांबतो तो स्पिल-ओव्हर काय. इमिग्रेशन सल्लागार नाहीये मी, पण या कागदांचं जे माहितीये ते सांगते.

एक. इसीए देणाऱ्या संस्था ठरलेल्या आहेत. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ज्याला सगळे वेस म्हणतात, अल्बर्टाची आयक्यूएएस, टोरोंटो विद्यापीठाची सीईएस, आणखी एकदोन. तुझ्या नवऱ्याचं वेसकडून झालं असेल तर तूही तिथेच कर, उगाच वेगळं नको.

वेसला आधी अर्ज करून पैसे भर. तेव्हा रेफरन्स नंबर मिळतो. तो नंबर नसताना विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट पाठवलं तर ते तिथे जाऊन नुसतं पडून राहतं, कुणाचं आहे तेच त्यांना कळत नाही, हे मी किती वेळा पाहिलंय. त्यांचा रेकॉर्ड मागणीचा एक फॉर्म असतो, तो भरून विद्यापीठाला द्यायचा, त्यावर नंबर असतोच. डिग्री सर्टिफिकेटची स्कॅन कॉपी तू स्वतः अपलोड करायची. ट्रान्सक्रिप्ट मात्र विद्यापीठाकडूनच, एकतर सीलबंद पाकिटात कुरियरने नाहीतर त्यांच्या ई-ट्रान्सक्रिप्टच्या सोयीतून. तुझ्या हातात येतं ते स्टुडंट कॉपी, त्याचा इथे उपयोग नाही.

बारावीचे म्हणजे वायेकचे निकाल तुला लागणार नाहीत, तुझी सगळ्यात वरची डिग्री बॅचलर आहे तर त्याचंच इसीए पुरतं. आणि ५ वर्षं लागली त्याची काळजी करू नकोस, कोर्स किती वर्षांचा ते बघतात. २०२० ला मार्च ते डिसेंबर आणि २०२२ ला फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे दोन लांबलचक संप झाले, त्या बॅचच्या पोरांची तर ४ ची ६ झालीत आणि त्यांची इसीए नीट आलीत.

इसीए निघाल्या तारखेपासून ५ वर्षं चालतं, म्हणजे आत्ता केलं तर वाया जाणार नाही.

---

सई_कडुना | ४ फेब्रुवारी

अनघाताई, किती नीट सांगितलंत, खरंच आभार. तीन शंका आहेत अजून.

पहिली नावाची. आपल्याकडे नाव, वडलांचं नाव, आडनाव. तिकडे अ‍ॅडमिशनच्या वेळी क्लार्कने आडनाव आधी लिहिलं, कॅपिटलमध्ये, मग माझं नाव, आणि बाबांचं नाव "अदर नेम" म्हणून मागे. डिग्रीवर तसंच छापून आलंय. पासपोर्टवर आता लग्नानंतरचं नाव आहे, म्हणजे आडनावही वेगळं आणि मधलं नावही वेगळं. हे दोन कागद एकाच बाईचे आहेत हे बघून कुणाला पटायचं नाही.

दुसरी, माझ्याकडे एनवायएससीचं सर्टिफिकेट नाही. तिथे डिग्रीनंतर एक वर्ष देशसेवा असते ना, पण मी भारतीय नागरिक, मला ती नव्हतीच. त्यावरून अडवतील का?

तिसरी म्हणजे आयईएलटीएस. पहिलीपासून शेवटपर्यंत इंग्लिशमध्येच शिकलेय, तरीही द्यावी लागते?

---

अनघा_विनिपेग | ५ फेब्रुवारी

नावाचं सोपं आहे, मॅरेज सर्टिफिकेट जोडायचं आणि अर्ज भरताना "कागदावरचं नाव" या रकान्यात डिग्रीवर आहे तस्संच लिहायचं, क्रमसुद्धा बदलायचा नाही. तुझं लग्नाचं सर्टिफिकेट मराठीत असेल तर इंग्लिश भाषांतर लागेल. माझ्याकडे येणाऱ्या नायजेरियन बायकांचंपण हेच दुखणं असतं, वायेकवर एक नाव, डिग्रीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, मग त्या कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट करतात आणि पेपरात नाव बदलल्याची जाहिरात देतात. आपल्याकडे गॅझेट करतात तसंच.

एनवायएससी नोकरीसाठी लागतं तिकडे. १९७३ पासून आहे ते, आणि तिथल्या नोकरीच्या जाहिरातीत हमखास मागतात, त्यामुळे लोकांना वाटतं सगळीकडेच लागणार. इसीएत विचारत नाहीत.

आयईएलटीएस द्यायची. जनरल ट्रेनिंगवाली, अ‍ॅकॅडमिक नव्हे. नाहीतर सेल्पिप किंवा पीटीई कोअर. नायजेरियन लोकांना हे फार लागतं, ज्यांची राज्यभाषा इंग्लिश त्यांना पुन्हा इंग्लिशची परीक्षा, आणि मला त्यांचं पटतं. पण एक्सप्रेस एंट्रीत अगदी लंडनच्या माणसालाही ती द्यावी लागते, त्यामुळे त्यात सूट कुणालाच नाही. नवरा मुख्य अर्जदार असेल तरी तू दे, जोडीदाराच्या भाषेचेही गुण असतात.

---

इकेजाचे_काका | ७ फेब्रुवारी

सई बेटा, मी लेगॉसला २७ वर्षं आहे, मूळ साताऱ्याचा. तुझं कडुना वाचून बरं वाटलं, ९८ साली मी पहिल्यांदा तिथेच उतरलो होतो मशीनच्या कामाला.

ईमेलची वाट बघू नकोस. इथली मोठी सरकारी विद्यापीठं आता ऑनलाइन अर्ज घेतात, काहींचं चांगलं चालतं आणि अलीकडच्या पोरांचं आठवड्यात जातंसुद्धा. पण २०११ म्हणजे तुझं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढलंय की अजून वहीत आहे हे विद्यापीठावर आहे. वहीत असेल तर कुणीतरी डिपार्टमेंटमधून प्रत्येक वर्षाचे मार्क काढून, फॅकल्टीत तपासून मग रजिस्ट्रारच्या एक्झाम्स अँड रेकॉर्ड्समध्ये आणायचे असतात. तो कागद आपोआप चालत नाही. कुणीतरी माणूस जाऊन उभा राहावा लागतो, सकाळी जायचं, नीट नमस्कार करायचा, "गुड मॉर्निंग मा, हाऊ द फॅमिली", तब्येत विचारायची आणि मग कामाचं बोलायचं. हे मी चेष्टेने म्हणत नाही, इथे वडीलधाऱ्याला आधी नमस्कार न करता काम सांगितलं तर ते उद्धटपणाचं धरतात, आणि त्यात काही चूक नाही.

तू एक कर. हातानं सही केलेलं अधिकारपत्र लिही, म्हणजे अमुक माणसाला माझ्या वतीने ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करायला आणि पाठपुरावा करायला परवानगी. सोबत पासपोर्टची कॉपी, डिग्रीची कॉपी, मॅरेज सर्टिफिकेट, वेसचा तो फॉर्म. मॅट्रिक नंबरसाठी जुनं आयडी कार्ड, लायब्ररी कार्ड, फी भरल्याची पावती, कोर्स रजिस्ट्रेशनचा फॉर्म, काहीही शोध. नाहीतर वर्गातल्या कुणालातरी विचार, एका वर्गातले नंबर सहसा ओळीने असतात त्यामुळे डिपार्टमेंटला यादीत सापडायला सोपं जातं.

पैसे रेमिटावर, म्हणजे इथल्या ऑनलाइन पेमेंटच्या सोयीवर, भरायचे, त्याचा आरआरआर नंबर येतो, १२ आकडी. तो जपून ठेव. फाइल हरवली, टेबल बदललं, माणूस बदलला तरी त्या नंबरावर पैसे आलेत हे दिसतं. रोख कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

तुझ्या वर्गातलं अजून कोणी इथे आहे का?

---

सई_कडुना | ७ फेब्रुवारी

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून. हाऊ द फॅमिली! १४ वर्षांनी ऐकलं ते.

वर्गातली एक मैत्रीण आहे, आम्ही एका खोलीत होतो. २०२२ च्या आसपास तिचे दोघे भाऊ ब्रिटनला गेले, तीच एकटी आईजवळ थांबलीय. तिकडे सगळे "जापा" म्हणतात ना, देश सोडून जायचं म्हणजे जापा, तर तिचा शेवटचा मेसेज होता की सगळे जापा झाले मीच राहिले. तिला आज लिहिते.

---

ग्लोबल_गणेश | ९ फेब्रुवारी

एवढं कशाला करताय. लेगॉसमध्ये एजंट आहेत, पैसे दिले की ट्रान्सक्रिप्ट सीलबंद करून पाठवतात, १० दिवसांत. माझ्या ऑफिसमधल्या एका नायजेरियन मुलाने करून घेतलं. डिग्री खरी असेल तर ट्रान्सक्रिप्ट कुठून गेलं याने काय फरक पडतो.

---

अनघा_विनिपेग | ९ फेब्रुवारी

गणेश, फरक पडतो, आणि सईने चुकूनही हे करू नये म्हणून जरा कडक लिहितेय.

आमच्याकडे एक मुलगा आला होता, इंजिनियर, डिग्री शंभर टक्के खरी, मार्कसुद्धा चांगले. विद्यापीठात ७ महिने खेटे घालून थकला आणि अशाच एकाला पैसे दिले. त्या माणसाने लेटरहेडवर मार्क टाइप केले, मार्कही खरेच टाकले, पण शिक्का खोटा. तपासणाऱ्यांनी विद्यापीठाला कळवून विचारलं की हे तुमचंच का. विद्यापीठ म्हणालं नाही. संपलं. खरी डिग्री असलेला मुलगा खोट्या कागदाचा धनी झाला. पुढे तोच कागद इमिग्रेशनच्या अर्जात गेला तर त्याला मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती देणं, म्हणतात, ५ वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद आणि बाकीच्या देशांच्या फॉर्मवरही "कधी नाकारलंय का" याला आयुष्यभर हो लिहायचं. तो मुलगा माझ्यासमोर बसून सांगत होता की मॅडम एकही मार्क मी वाढवला नव्हता. काय बोलणार मी त्याला.

---

इकेजाचे_काका | १० फेब्रुवारी

अनघाताई बरोबर बोलल्या. आणि इथे हल्ली वातावरण आणखी तापलंय. एका पत्रकाराने नाव लपवून शेजारच्या बेनिन देशातल्या एका विद्यापीठाची डिग्री ६ आठवड्यांत मिळवली, २०२३ च्या डिसेंबरअखेर सगळं पेपरात छापलं, नायजेरिया सरकारने २०२४ च्या जानेवारीत लगेच बेनिन आणि टोगोच्या डिग्र्यांची मान्यता स्थगित केली. तेव्हापासून इथले लोकसुद्धा एकमेकांच्या सर्टिफिकेटकडे संशयाने बघतात. ज्यांनी मेणबत्तीवर अभ्यास करून फर्स्ट क्लास काढला त्यांना याचा सगळ्यात जास्त त्रास, कारण त्यांच्या कागदालाही तीच नजर.

---

स्नेहल_अबुजा | १२ फेब्रुवारी

मी नागपूरची, नवरा इथल्या एनुगूचा, पुण्यात शिकायला आला होता तेव्हा ओळख झाली, आता आम्ही अबुजात राहतो. गणेश यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या सासऱ्यांनी, ते गावच्या शाळेत हेडमास्तर होते, ५ मुलांना शिकवायला रताळ्यासारखा तो याम असतो त्याचं शेत विकलंय. या घरात सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर पेटीत आणि पेटी सासूबाईंच्या पलंगाखाली असते. "नायजेरियात काय पैसे दिले की मिळतं" असं कुणी म्हटलं की मला सासूबाईंची ती पेटी आठवते. कृपा करून असं सरसकट बोलू नका.

बाकी माहिती म्हणून, नवरा नर्स आहे आणि नर्सचा रस्ता वेगळा असतो. कॅनडाला नर्स म्हणून लायसन्स पाहिजे तर काही प्रांतांसाठी एनएनएएसकडे (परदेशी नर्सचे कागद तपासणारी संस्था) जायचं, तिथे नुसतं शाळेचं ट्रान्सक्रिप्ट नाही तर इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून व्हेरिफिकेशनही थेट जायला लागतं. कौन्सिलने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम काढला की कायमचं लायसन्स मिळाल्यावर २ वर्षं नोकरी झाल्याशिवाय परदेशासाठी व्हेरिफिकेशन नाही. नर्सेस रस्त्यावर उतरल्या होत्या तेव्हा. माझ्या नवऱ्याची ७ वर्षं झालेली त्यामुळे आम्हाला झळ नाही बसली पण त्याच्या धाकट्या बहिणीला थांबावं लागलं. डॉक्टरांनापण इसीए वेसचं चालत नाही, मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाचंच लागतं, फार्मासिस्टला त्यांच्या परीक्षा मंडळाचं. कुणी वाचत असेल तर आधी हे बघा मगच पैसे भरा.

---

ग्लोबल_गणेश | १२ फेब्रुवारी

स्नेहलताई, माफ करा. मला ते इतकं माहीत नव्हतं. तो सल्ला मागे घेतो, आणि ऑफिसमधल्या त्या मुलाशीही बोलतो, त्याचं अजून प्रोफाइल गेलेलं नाही.

---

तात्या_सोकोटो | १५ फेब्रुवारी

मी ७४ वर्षांचा, नातवाने टाइप करून दिलंय. १९७९ ते ८५ मी उत्तर नायजेरियात सोकोटोला सरकारी शाळेत गणित शिकवायचो. तेलाचा पैसा आला होता, शाळा भराभर निघाल्या आणि शिक्षक कमी म्हणून भारतातून शेकड्यांनी नेले आम्हाला. माझी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी बीएड तिथे तपासली होती. मला आठवतं, लुगार्डच्या, म्हणजे तिथल्या जुन्या ब्रिटिश गव्हर्नरच्या, काळातल्यासारख्या जाड खुर्चीवर बसलेले एक अल्हाजी (हज करून आलेले गृहस्थ) माझं सर्टिफिकेट उजेडात धरून बघत होते आणि मला जरा राग आला होता. मग त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, माझ्या मुलांना तुम्ही शिकवणार, मला बघायला नको का.

माझे काही विद्यार्थी पुढे झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठात गेले, एक इबादानला. ७० च्या वर मार्क म्हणजे ए, तो मिळवायला पोरं रडकुंडीला यायची. सई, तुझी डिग्री कष्टाची आहे. सोडू नकोस.

---

सई_कडुना | २ मार्च

अपडेट. तात्या, तुमचं दोनदा वाचून दाखवलं बाबांना. त्यांनी विचारलंय की सोकोटोला तुमच्याबरोबर कोल्हापूरचे एक मास्तर होते का. फोनवर बोलायचंय त्यांना.

मैत्रिणीचं उत्तर आलं, एका तासात! तिच्याकडे आमच्या वर्गाची लॅबच्या ग्रुपची यादी आहे, हस्तलिखित, फोटो पाठवला, माझा मॅट्रिक नंबर पूर्ण. अधिकारपत्र तिच्या नावाने केलं, काकांनी सांगितलं तसं. वेसचा अर्ज भरला, रेफरन्स नंबर घेतला. रेमिटाचे पैसे तिनेच भरले आणि घ्यायला तयारच नाही. नायराचं, तिथल्या चलनाचं, काय झालंय बघा ना, २०२३ च्या जूनमध्ये दर मोकळा सोडला त्याआधी डॉलरला साडेचारशेच्या आसपास होता, २०२४ मध्ये दीड हजाराच्या घरात गेला. तिचा पगार होता तेवढाच आहे. आणि ती म्हणते तू माझी रूममेट, नो वहाला, म्हणजे काही त्रास नाही.

---

रोहन_हार्कोर्ट | ९ मार्च

सई यांच्या धाग्यात घुसतोय, सॉरी. मी पोर्ट हार्कोर्टला कंपनीत आहे, माझ्या हाताखालचा एक टेक्निशियन, फार हुशार मुलगा, त्याचं एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) आहे पॉलिटेक्निकचं. त्याला कॅनडाला जायचंय. तो म्हणतो इथे बीएस्सीवाले त्याला खालचे समजतात, बाहेरही समजतील का?

---

अनघा_विनिपेग | १० मार्च

रोहन, घुसलात ते बरंच झालं, हा प्रश्न दर महिन्याला येतो.

त्याचा रस्ता बघा, आधी २ वर्षं एनडी (नॅशनल डिप्लोमा), मग सहसा १ वर्ष इंडस्ट्रियल अटॅचमेंट म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम, मग २ वर्षं एचएनडी. म्हणजे शिकण्यात बीएस्सीवाल्यापेक्षा वर्ष जास्तच गेलंय त्याचं. तिकडे एचएनडीवाल्याला मास्टर्सला जायचं तर मधे पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा करायला लावतात, नोकरीत बढती एका पायरीला थांबते, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललंय. कॅनडात मात्र हा भेद कुणाला माहीत नसतो. इथे इसीएत जे कॅनेडियन बरोबरीचं लिहून येईल त्यावर गुण. एकटा असेल तर २ वर्षांच्या डिप्लोमाला ९८, ३ वर्षं किंवा जास्तीच्याला १२०, आणि दोन क्रेडेन्शियल (डिग्री किंवा डिप्लोमा) धरली गेली व त्यातलं एक ३ वर्षांचं असेल तर १२८. म्हणून त्याला सांगा एनडी आणि एचएनडी दोन्हींचं करून घे, नुसतं वरचं पाठवू नकोस. दोन वेगवेगळ्या पॉलिटेक्निकची असतील तर दोन्हीकडून वेगळं ट्रान्सक्रिप्ट. निकाल काय येईल ते मी आधी सांगणार नाही, संस्थेगणिक फरक पडलेला पाहिलाय.

आणि पुढे इथे कॉलेजात शिकायचं मनात असेल तर विषयवार इव्हॅल्युएशन घ्यायला सांगा, साध्या इसीएत मार्क येत नाहीत. तिकडे बहुतेक ठिकाणी सीजीपीए ५ पैकी असतो, इबादानला बरीच वर्षं ७ पैकी होता. एका बाईंचा ५.२ होता ७ पैकी आणि इथल्या क्लार्कला कळेचना ५ च्या वर कसा गेला.

---

सचिन_श्टुटगार्ट | ११ मार्च

जर्मनीचा विचार असेल त्याचा तर आनाबिन नावाचा परदेशी डिग्र्यांचा सरकारी डेटाबेस आहे, फुकट बघता येतो. विद्यापीठाच्या नावापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, असेल आणि डिग्रीही तिथे नोंदलेली असेल तर त्याचं प्रिंट पुरतं. नाहीतर झेडएबीकडे (परदेशी डिग्र्या तपासणारं सरकारी कार्यालय) अर्ज करून तुलनेचं पत्रक मागवायचं. माझ्या टीममधल्या लेगॉसच्या मुलीचं आनाबिनवरच भागलं.

---

सई_कडुना | २० मे

अडीच महिने झाले. मैत्रीण ६ वेळा जाऊन आली. पहिल्यांदा फाइल सापडली नाही, मग सापडली पण तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरचा एक विषय कोरा. व्हायरॉलॉजी. मला ६८ होते त्यात, चांगलं आठवतंय, कारण ए दोन मार्कांनी हुकला होता. ते सर आता निवृत्त झालेत. डिपार्टमेंटच्या बाई म्हणाल्या मूळ गुणपत्रक सापडल्याशिवाय आम्ही आकडा भरणार नाही. राग आला, रात्रभर झोप नाही, आणि सकाळी वाटलं की त्या बाई बरोबरच करतायत, माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांनी आकडा भरला असता तर अनघाताईंनी सांगितलेल्या त्या मुलासारखंच झालं असतं काहीतरी.

काका, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? की थांबू?

---

इकेजाचे_काका | २१ मे

थांब. आणि मैत्रिणीला सांग त्या बाईंकडे लेखी अर्ज दे, त्यावर पोच घे, तारीख आणि सही. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही. त्या वर्षीचे निकाल सिनेटने मंजूर केलेले असतात आणि तू डिग्री घेतलीस म्हणजे तो विषय पास झाल्याची नोंद कुठेतरी आहेच. फॅकल्टीच्या कॉपीत बघायला सांग, डिपार्टमेंटची कॉपी वेगळी असते.

---

सई_कडुना | २९ जुलै

फॅकल्टीच्या कॉपीत सापडला. ६८.

मैत्रिणीने फोन केला तेव्हा ती त्या कॉरिडॉरमध्येच उभी होती, मागे पाऊस ऐकू येत होता तिकडचा, पत्र्यावरचा. म्हणाली, सई आय सी ए बी, यू नेव्हर गॉट दॅट ए. दोघी हसलो आणि दोघी रडलो. ट्रान्सक्रिप्ट त्याच आठवड्यात कुरियरने गेलं, रेफरन्स नंबर पाकिटावर आणि आतही.

---

सई_कडुना | ११ सप्टेंबर

इसीए आलं. बॅचलर्स डिग्री, ४ वर्षं. नवऱ्याचे ५ गुण ऑगस्टमध्ये गेले, माझे ८ आले. काल प्रोफाइल टाकलं, रिपोर्टचा नंबर भरताना हात थरथरत होता.

तात्या आणि बाबा रविवारी एक तास बोलले. ते कोल्हापूरचे मास्तर दोघांच्याही ओळखीचे निघाले.

मैत्रिणीने आता स्वतःचं ट्रान्सक्रिप्ट मागवायचं ठरवलंय, आई तयार झाली म्हणे. तिचं सर्टिफिकेट घरात पाणी शिरलं तेव्हा खराब झालं, फक्त स्टेटमेंट ऑफ रिझल्ट आहे. अनघाताई, काका, तिच्यासाठी कुठून सुरुवात करू?

---

इकेजाचे_काका | ११ सप्टेंबर

सर्टिफिकेट गेलं असेल तर आधी पोलीस रिपोर्ट आणि कोर्टाचं अ‍ॅफिडेव्हिट, मग विद्यापीठाकडे अर्ज. तिला माझा नंबर दे, तुला निरोपात पाठवलाय. या वेळी तिच्याबरोबर मी जातो.